पाळी, बदली आणि खाडा : कामावर न येण्याचा इतिहास

आजचा धागा एका अगदी साध्या प्रश्नाचा आहे. उद्या कामावर जाता येणार नाही; तर ते कुणाला सांगायचे, कसे सांगायचे, आणि आपल्या जागी उभे कोण राहणार? लढाया आणि तहांच्या इतिहासात या प्रश्नाला जागा मिळत नाही. पण बहुतेकांचे आयुष्य लढाईत जात नाही, पाळीत जाते. धागा लांबणार आहे, सवडीने वाचा.

सुरुवात नृसिंहवाडीपासून करू, कारण मी त्याच शिरोळ तालुक्यातला. पावसाळ्यात कृष्णा आणि पंचगंगा फुगतात, पाणी घाटाच्या पायऱ्या गिळत वर येते आणि एके दिवशी दत्तपादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजातून बाहेर पडते. हाच दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोक रात्री-अपरात्रीही धावत येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती उंचावरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते. म्हणजे वाडीत देवाला जागा सोडण्याची मुभा आहे; सेवेला खंड पडण्याची नाही. पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंतचा क्रम कुणीतरी पार पाडावाच लागतो.

हे ‘कुणीतरी’ ठरते पाळीने. नृसिंह सरस्वती बारा वर्षांच्या वास्तव्यानंतर गाणगापुरास निघाले तेव्हा पादुकांच्या पूजेचे काम त्यांनी भैरंभट जेरे यांच्याकडे सोपवले, असे परंपरा सांगते. आजचे पुजारी स्वतःला त्यांचे वंशज मानतात. एका माणसाचे काम वंश वाढत गेला तसे वाटले गेले. शेत वाटता येते, घर वाटता येते. पण देवाची पूजा वाटायची कशी? हिंदुस्थानभरच्या देवळांनी त्यावर एकच उत्तर शोधले : पूजा नव्हे, काळ वाटायचा. म्हणजेच पाळी.

आता मुख्य प्रश्न. ज्याची पाळी आहे त्याच्या घरात त्याच दिवशी मृत्यू झाला तर?

धर्मशास्त्रात याचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके बारकाईने दिले आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला. त्यातले अशौचाचे प्रकरण आपण आजच्या नजरेने रजेचे नियम म्हणून वाचू शकतो. सपिंड, म्हणजे सात पिढ्यांतला भाऊबंद गेला तर दहा दिवस. त्यापलीकडचा, चौदाव्या पिढीपर्यंतचा असेल तर तीन. त्याहून दूरचा सगोत्र असेल तर केवळ स्नान. एकाच मूळ पुरुषापासून निघालेल्या पुजारी घराण्यांच्या दृष्टीने या तक्त्याकडे पाहा. पहिल्या काही पिढ्यांत एका घरातल्या मृत्यूने सगळीच घरे एकदम सुतकात जात असणार. शाखा लांबत गेल्या, नाती सातव्या पिढीपलीकडे सरकली, तेव्हा कुठे एका घराच्या सुतकात दुसरे घर दहा दिवस न अडकता उभे राहू शकले. ही माझी जुळवणी आहे, कुठल्या पोथीतली नव्हे. पण नियम पाहता दुसरे काही घडले असेल असे वाटत नाही.

या रजेचे वैशिष्ट्य असे की ती मागावी लागत नाही. सुतक असलेला पुजारी ‘येऊ का नको’ असे विचारत नाही, तो कळवतो. किंबहुना त्याने येणे हाच दोष. मालकाच्या, वरिष्ठाच्या मर्जीचा इथे संबंधच उरत नाही. शिवाय बातमी उशिरा पोचली तर काय, याचीही सोय आहे. दहा दिवसांच्या आत कळले तर राहिलेले दिवस पाळायचे. नंतर कळले तर किती उशिरा कळले त्यावर कमी-अधिक. पत्र पोचायला आठवडे लागत त्या काळात ही तरतूद कागदी नव्हती. अशुभ बातमीच्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असे, ते घरात न ठेवता वाचून फाडून टाकत. आपल्या आजी-आजोबांनी अशी पत्रे पाहिली आहेत.

आणखी एक नियम मला फार व्यवहारी वाटतो. काम सुरू झाल्यावर सुतक लागत नाही. यज्ञात ऋत्विजांचे वरण झाले, व्रताचा संकल्प सुटला, लग्नघरी नांदीश्राद्ध उरकले, की नंतर आलेल्या वार्तेने ते कार्य थांबत नाही. म्हणजे रजा घ्यायची ती पाळी सुरू होण्याआधी. अर्ध्यावर सोडून जायचे नाही. आजच्या कोणत्याही रुग्णालयात किंवा रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये हाच नियम वेगळ्या शब्दांत सांगतील.

पण थांबा. याच प्रकरणात एक ओळ अशी आहे की तिच्यापाशी मी बराच वेळ अडखळलो. स्मृतिकारांनी काही लोकांना ‘सद्यःशौच’ सांगितले आहे, म्हणजे अशौच लगेच संपते. त्यात राजा आहे, कारण राज्य थांबू शकत नाही. वैद्य आहे, कारण रोगी थांबू शकत नाही. आणि त्याच यादीत कारागीर, शिल्पी, दास आणि दासी आहेत, त्यांच्या त्यांच्या कामापुरते. मनुस्मृतीत ब्राह्मणाला दहा दिवस आणि शूद्राला महिनाभर अशौच सांगितले आहे; पण तो शूद्र कुणाच्या घरी राबत असेल तर त्या कामापुरता तो त्याच दिवशी शुद्ध! देवळाच्या गाभाऱ्यात शोकाला जागा राखून ठेवलेली आहे. कारागिराच्या हाताला ती नाही. टीकाकार याचे समर्थन ‘ते काम दुसऱ्याला जमत नाही’ असे करतात. मला ते समर्थन पुरेसे वाटत नाही.

कौटिल्य या बाबतीत अधिक स्पष्ट बोलतो. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात मजुरांचे नियम आहेत. वेतन घेऊन काम न करणाऱ्याला बारा पण दंड. मात्र तो अशक्त असेल, काम हीन स्वरूपाचे असेल, तो आजारी किंवा संकटात असेल, तर त्याला करारातून सवलत मिळावी, किंवा त्याने ते काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. हा ‘किंवा’ लक्षात ठेवा, पुढे तो गिरणीच्या फाटकावर भेटणार आहे. शुक्रनीतीत तर नोकराला वर्षाकाठी पंधरा दिवसांची भरपगारी सुट्टी सांगितली आहे. पण त्या ग्रंथाच्या काळाबद्दल अभ्यासकांत टोकाचे मतभेद आहेत, आणि तो पुष्कळ अर्वाचीन मानणारेही आहेत. तेव्हा ‘प्राचीन भारतात भरपगारी रजा होती’ असे पोस्टर कुणी पाठवले तर पुढे ढकलण्याआधी जरा थांबा.

मराठेशाहीत ‘दुसऱ्याकडून करून घेणे’ ही एक संस्थाच झाली. वतनदार स्वतः हजर नसला तर त्याचा गुमास्ता काम पाही. मोठ्या पदाधिकाऱ्याचा मुतालिक त्याच्या वतीने कारभार करी. गैरहजेरीला दोष नव्हता, मात्र जागा रिकामी दिसता कामा नये. यातला धोकाही इतिहासाने दाखवला. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव इतका प्रबळ झाला की १७५० मध्ये त्याने सांगोल्यास पेशव्यांविरुद्ध उभे राहून दाखवले; ते प्रकरण मिटता मिटता सांगोल्याचा करार झाला आणि छत्रपतींची सत्ता कायमची पेशव्यांकडे सरकली. बदलीवर आलेला माणूस जागा बळकावतो, ही भीती तुमच्या-माझ्या कचेरीतली नवी नाही. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्यात प्रत्यक्ष काम कोण करणार, त्याच्या जागी प्रतिनिधी कोण नेमणार, याची कलमे घातली ती उगीच नव्हेत.

देवळांच्या पाळीलाही इंग्रजी कायद्याने एक विचित्र संरक्षण दिले. मुदतीच्या कायद्यात ‘ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणारा हक्क’ असा एक प्रकार होता. १९०८ च्या कायद्यात तो अनुच्छेद १३१, मुदत हक्क प्रथम नाकारला गेल्यापासून बारा वर्षे. पूजेच्या पाळ्या न्यायालयांनी त्यात बसवल्या. आपली पाळी कुणी नाकारली आणि आपण बारा वर्षे मूग गिळून बसलो, तर हक्क बुडाला. पंढरपुरात पाळीचे रूपांतर आणखी पुढे गेले. बडव्यांकडे देवापुढच्या उत्पन्नाच्या हक्काचा लिलाव होऊ लागला. पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे हे सेवाधारी वेगळेच. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने हे वंशपरंपरागत हक्क संपवले, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बडवे-उत्पातांचा लढा संपला. त्यानंतर देवाच्या पूजेला पगारी माणसे आली, आणि पगाराबरोबर रजेचा अर्जही आला.

‘रजा’ या शब्दाकडेही एकदा पाहून घेऊ. मूळ अरबी ‘रिझा’, अर्थ संमती, मर्जी. म्हणजे रजा घेणे हे मुळात सुट्टी घेणे नव्हे, परवानगी घेणे आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आजही सांगतात की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. त्याहून गंमत अशी की किरकोळ रजेवर असलेला सरकारी कर्मचारी नियमांच्या दृष्टीने गैरहजर नसतोच. ‘पाळी’चे तर तीन अर्थ : देवळातली, कारखान्यातली आणि बाईच्या शरीरातली. ‘कावळा शिवला’ एवढे दोन शब्द उच्चारले की चार दिवस चूल-देवघर बंद. कारण विचारायचे नाही, पुरावा मागायचा नाही. अस्पृश्यतेचीच ती एक घरगुती आवृत्ती, त्यात संशय नाही. पण कित्येक घरांत बाईला मिळणारी विश्रांती तेवढीच होती, हेही आपल्या आज्यांना विचारून पाहा. हिरकणीची कथा आपण आईच्या धाडसाची म्हणून ऐकत आलो. मला ती रजा नाकारल्याची कथा वाटते. सूर्यास्तानंतर दरवाजा उघडायचा नाही म्हणजे नाही, बाळ तान्हे असले तरी. दंतकथा बाजूला ठेवली तरी, बाळंतपणाच्या भरपाईचा देशातला पहिला कायदा १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात झाला; आदल्या वर्षी विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले होते.

आता गिरणगाव.

मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून थांबत नाही. कमी बोलले जाते ते रविवारखेरीजच्या गैरहजेरीबद्दल.

गिरणी कामगाराचा एक पाय गावात असे. शिमगा, गणपती, लावणी, कापणी, एप्रिल-मे मधली लग्ने; कोकणातला, घाटावरचा माणूस या दिवसांत निघणारच. गिरणीच्या हिशेबात तो ‘खाडा’. आणि खाडा महाग पडे. एक दिवस न आलेल्याचे दोन दिवसांचे वेतन कापण्याची चाल होती, तिला ‘दुहेरी खाडा’ म्हणत. पगार महिना उलटल्यावर बराच उशिरा मिळे, त्यामुळे न सांगता गेलेल्याची मजुरी मालकाच्या हातात अडकलेली असे. १८९६ ची प्लेगची साथ हा एकच काळ असा की पारडे उलटले. माणसे जीव घेऊन गावी पळाली, आणि उरलेल्यांना रोजच्या रोज रोख मजुरी देऊन, भर रस्त्यात एकमेकांवर चढाओढ करून मालकांना हातमिळवणी करावी लागली.

रिकाम्या साच्यावर उभा राहायचा तो बदली. पहाटे गिरणीच्या फाटकाशी बदल्यांची गर्दी होई. भोंगा झाला की कुणाचा खाडा पडला ते जॉबर पाही आणि गर्दीतून हवा तो माणूस उचली. रजा द्यायची की नाही, गावाहून परतल्यावर जुना साचा परत मिळणार की नाही, बदलीला आज काम मिळणार की नाही, सगळे जॉबरच्या हातात. साहजिकच दस्तुरी चाले. कौटिल्याच्या ‘किंवा’चा बाजार झाला तो असा. १९३१ च्या शाही श्रम आयोगाने यावर दोन गोष्टी सुचवल्या : नेमणूक आणि बडतर्फी जॉबरकडून काढून घ्या, आणि कामगाराला रजा मागण्यास उत्तेजन द्या, वेळेवर परतलास तर तुझी जागा तुझीच, असे निश्चित वचन देऊन त्याला पाठवा. दुसरी सूचना मला त्या संपूर्ण अहवालातली सर्वांत मानवी वाटते. लोक न सांगता का जातात? सांगितले तर जागा जाईल ही भीती असते म्हणून. १९३५ पासून मुंबईत बदल्यांना कार्डे देऊन दैनंदिन निवडीला शिस्त लावण्याचा प्रयत्न झाला. तरी ‘बदली’ हा शिक्का अनेकांच्या कपाळावर वर्षानुवर्षे राहिला, आणि जानेवारी १९८२ च्या संपातही बदल्यांना कायम करा ही एक मागणी होतीच.

कायद्याची वाट मी झपाट्याने सांगतो. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दुहेरी खाडा मोडला; जितकी गैरहजेरी तितकीच कपात. मात्र एक अपवाद ठेवला. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सूचना न देता गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापता येते. एकटा आजारी पडतो, दहाजण एकदम पडले की तो संप, हे सरकारला पक्के ठाऊक होते. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील नमुना आदेशांत दहा दिवसांहून अधिक विनारजा गैरहजेरी हे गैरवर्तन ठरले. १९४८ च्या कारखाना कायद्याने पूर्ण पद्धत बसवली : वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा, अर्ज लेखी, व्यवस्थापकाकडे, किमान पंधरा दिवस आधी. आणि आजारपणासाठी रजा हवी असेल तर ही मुदत पाळली नसली तरी ती द्यायची. माणूस आजाराची पंधरा दिवस आधी सूचना देऊ शकत नाही, हे कायद्यात लिहून येण्यासाठी १९४८ साल उजाडावे लागले.

पण तो कायदा कारखान्यासाठी होता, आणि त्याच्या मूळ व्याख्येत ‘कारखाना’ म्हणजे विजेवर चालणारा असल्यास किमान दहा कामगार असलेला. वाडीपासून जवळच इचलकरंजी आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने, तिथे पहिला यंत्रमाग बसवला. आज ते शहर मागांच्या खडखडाटावर जगते, आणि त्यातली कितीतरी शेडे दहा माणसांच्या आतली आहेत. मजुरी विणलेल्या कापडावर. कापड नाही तर मजुरी नाही. म्हणून खाडा कापावाही लागत नाही, तो आपोआप कापला जातो.

माझे वडील अशाच एका शेडात माग चालवतात. आजी गेली ती पहाटे चारच्या सुमारास, आणि वडिलांची दिवसपाळी सातला होती. रडण्याआधी त्यांनी जो पहिला फोन केला तो मामांना नव्हे, शेडात. पलीकडून ‘अरेरे’ आले, आणि लगेच ‘बदली कुणी बघितलायस का?’ वडिलांनी मग अंगणात उभे राहून तीन ठिकाणी फोन केले. तिसऱ्याने होकार दिला. तेव्हा ते आत आले आणि आजीच्या उशाशी बसले. मी त्या वेळी बारावीत होतो. धर्मसिंधु, कौटिल्य, श्रम आयोग यांतले काहीही मला माहीत नव्हते.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. दहावा व्हायचा होता, घरात गोडतेल-फोडणी बंद होती, दारावर येणाऱ्यांची रीघ होती. त्या रात्री वडिलांनी डबा घेतला आणि ते रातपाळीला गेले. आत्या रागावली, सुतकात कुणी कामाला जाते का म्हणाली. शेजारच्या एका म्हाताऱ्या विणकराने तिला थांबवले. ‘मागाला सुतक नसतंय, बाई,’ तो म्हणाला. त्याने कुठली स्मृती वाचली नव्हती.

शेडात वडिलांच्या मागांवर तोच बदली उभा होता. वडील दिसले तसा त्याने एक माग थांबवला, तुटलेला धागा जोडला, पुन्हा सुरू केला आणि बाजूला झाला. तीन दिवसांच्या कापडाचे मीटर त्याने खडूने भिंतीवर वेगळे लिहून ठेवले होते.